कोपराच्या उंचीवर

आपली उंची प्रत्येकाला पाठ असते. वजन, चपलेचा नंबर, चष्म्याचा नंबर हेही तोंडावर असतं. पण उभं राहिल्यावर आपलं कोपर जमिनीपासून किती उंचीवर येतं, असं विचारलं तर घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. हे माप कुणी कधी घेतलेलंच नसतं. स्टँडिंग डेस्क घरी करायचं ठरवलं, की सुरुवात मात्र याच मापापासून होते.

मोजणं सोपं आहे. घरात जसे वावरता तसेच, अनवाणी किंवा सपाता घालून, भिंतीशेजारी सहज उभे राहा. दंड अंगालगत सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि कोपराच्या खालच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायला कुणाला तरी सांगा. हा आकडा साधारण उंचीच्या 63 टक्क्यांच्या आसपास येतो. पाच फूट पाच इंच, म्हणजे 165 सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं कोपर 104 सेंटीमीटरवर असतं. घरातल्या चौघांची मापं घ्या, प्रत्येकाचं माप त्याच्या उंचीने भागा. माणसं कितीही वेगळी दिसोत, उत्तरं एकमेकांच्या अगदी जवळ येतात. शरीराची प्रमाणं इतकी चिवट असतात याचं मला दर वेळी नवल वाटतं.

बाजारातलं टेबल साधारण 75 सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे अडीच फूट. ते खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी केलेलं. त्यापुढे उभं राहून टाइप करायला गेलं तर खांदे पुढे येतात, मान खाली जाते, पाठीला पोक येतो. तेव्हा 75 आणि 104 मधलं हे 29 सेंटीमीटरचं अंतर भरून काढायचं, एवढंच खरं तर काम आहे. पण लगेच दुसरं माप आडवं येतं, ते डोळ्यांचं. डोळे उंचीच्या सुमारे 94 टक्क्यांवर, म्हणजे याच माणसाचे 154-155 सेंटीमीटरवर. हात आणि डोळे यांच्यात अर्ध्या मीटरचं अंतर आणि लॅपटॉपमध्ये कीबोर्ड व पडदा बिजागरीने एकमेकांना जखडलेले! कीबोर्ड हाताशी आणला की पडदा खाली जातो, पडदा डोळ्यांसमोर आणला की हात हवेत. यातून दुसरी वाट नाही. वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यायलाच हवा, आणि लाकडाच्या आधी हाच खर्च करावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी. चष्म्यात खालच्या भागात जवळचा नंबर असेल त्यांनी ती आणखी खाली घ्यावी, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मान धरते.

करवत हातात घेण्याआधी चार दिवस प्रयोग करून बघावा, आणि त्याची सोय प्रत्येक घरात आहे. ती म्हणजे स्वयंपाकाचा ओटा.

मराठी घरात उभ्याने करायचं काम मुख्यतः ओट्याबरोबर आलं. त्याआधी चुलीपुढे बसून भाकरी, विळीवर बसून भाजी, पाट्यापुढे बसून वाटण असा सगळा स्वयंपाक जमिनीशी होता. लिहिण्याचं कामही तसंच. कारकून मांडी घालून बसायचा आणि कागद गुडघ्यावर धरून बोरूने लिहायचा. मग गॅस आला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, म्हणून घरोघरी कडाप्प्याचे ओटे बांधले गेले, आणि एक-दोन पिढ्यांत स्वयंपाकघरातलं जवळजवळ सगळं काम उभ्याने होऊ लागलं. एवढा मोठा बदल, पण त्याची नोंद फार कमी जणांनी घेतली. ओटा बहुधा 80 ते 85 सेंटीमीटर उंच असतो. पोळी लाटायला, भाजी चिरायला हात कोपराच्या खाली लागतात, त्यामुळे ते ठीक आहे. टाइप करायला मात्र त्यावर जाड पुस्तकांचा गठ्ठा किंवा एखादं पक्कं खोकं ठेवून उंची वाढवावी लागते. चार दिवस दुपारच्या रिकाम्या ओट्यावर असं काम करून पाहिलं, की आपल्याला हे जमणार की नाही ते पायच सांगतात.

जमलं, तर मग लाकूड. पहिल्या खेपेला पूर्ण उंचीचं नवं टेबल करू नये असं माझं ठाम मत आहे. आहे त्या टेबलावर ठेवायचा एक मोठा चौरंग करावा. प्लायवुडच्या दुकानात 18 मिलिमीटर जाडीचे उरलेले तुकडे मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी मशीनवर मापात कापूनही देतात. वरची फळी 80 बाय 45 सेंटीमीटर, बाजूच्या दोन उभ्या फळ्या 45 रुंद आणि 25 उंच, आणि मागे 80 लांबीची, दहा-बारा सेंटीमीटर रुंदीची एक पट्टी. एवढे चारच तुकडे. उभ्या फळ्यांची 25 अधिक वरच्या फळीची जाडी 1.8, म्हणजे चौरंग झाला 26.8 सेंटीमीटरचा. टेबलाचे 75 मिळवले, कीबोर्डची जाडी दोनेक सेंटीमीटर धरली, की बोटं कोपराच्या जेमतेम खाली येतात. मनगट सरळ राहायला तेच हवं असतं. याशिवाय लॅपटॉप उंच ठेवायला 25 सेंटीमीटर उंचीचा एक छोटा चौरंग, 40 बाय 22 चा. तो मोठ्याच्या वर मागच्या बाजूला बसतो.

या मापांचा एक फायदा मला विशेष आवडतो. बसायची वेळ आली की छोटा चौरंग उचलून बाजूला ठेवायचा, लॅपटॉप मोठ्या चौरंगावर आणायचा आणि कीबोर्ड खाली टेबलावर घ्यायचा. पडदा साधारण डोळ्यांसमोरच राहतो, कीबोर्ड काम संपल्यावर चौरंगाच्या पोटात सरकतो. मोटर नाही, कळ नाही, अर्ध्या मिनिटात बसायचं टेबल उभ्याचं आणि उभ्याचं बसायचं.

आता 18 मिलिमीटरच का? 12 मिलिमीटरचं प्लाय स्वस्त आणि हलकं असतं. पण फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दीडपट केली की ताठपणा दीडपट होत नाही, दीड गुणिले दीड गुणिले दीड, म्हणजे जवळजवळ 3.4 पट होतो. सहा मिलिमीटर जाडीने फळी तिपटीहून अधिक ताठ! हाच हिशेब उलट्या बाजूने फळीच्या लांबीला लागतो. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर मध्ये ठेवलेल्या तेवढ्याच वजनाने फळी आठपट वाकते. म्हणून दीड मीटर लांबीच्या हौशी टेबलांच्या पोटात वर्षभरात झोल येतो आणि आपला 80 सेंटीमीटरचा चौरंग तसाच राहतो. प्लायवुडच्या कडेला डोळा लावून पाहा. पातळ पापुद्रे दिसतील, एकाचे रेषे आडवे, पुढच्याचे उभे. लाकूड रेषेच्या दिशेने बळकट असतं आणि रेषेला आडवं सहज चिरतं. एकाआड एक दिशा बदलून चिकटवल्यामुळे प्रत्येक पापुद्र्याचा कमकुवतपणा शेजारचा पापुद्रा झाकतो. तरीही सगळ्यांत वरच्या पापुद्र्याचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने यावेत, म्हणजे ती त्या दिशेने जास्त ताठ राहते. कापायला देताना हे दुकानदाराला आवर्जून सांगावं. आणि प्लायच्या कडेत स्क्रू मारायचा असेल तर आधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्यावं, सांध्यात फेव्हिकॉल भरावा. थेट स्क्रू पिळला तर पापुद्रे उसवतात.

मागच्या पट्टीची गोष्ट तर स्वतःच्या हाताने करून बघण्यासारखी आहे. आधी ती न लावता फक्त वरची फळी आणि दोन बाजू जोडा. स्क्रू पक्के आहेत, सगळं नीट दिसतंय. आता फळीच्या टोकाला एका बोटाने ढकला. चौकट डुलते. काटकोन तिरपे होतात, आयताचा समांतरभुज चौकोन होतो. टाइप करताना प्रत्येक ठोक्याला पडदा थरथरतो तो यामुळेच. मग मागून पट्टी ठेवा, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू मारा आणि पुन्हा ढकला. चौरंग जागचा हलत नाही. वीतभरापेक्षा कमी रुंदीच्या पट्टीने हे कसं केलं? चार काड्या बिजागरीने जोडल्या तर चौकोन कितीही आकार घेतो, पण तीन काड्यांचा त्रिकोण आकार बदलूच शकत नाही. बाजूंची लांबी ठरली की कोन आपोआप ठरतात. पट्टीच्या टोकाचे दोन स्क्रू आणि कोपरा यांच्यात असेच अदृश्य त्रिकोण तयार होतात. छपराची कैची, विजेचा मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल, सगळे याच भरवशावर उभे आहेत. पट्टी पक्की करण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे भरले तर काटकोन बरोबर आहेत, गुण्या नसला तरी चालतं.

पूर्ण उंचीचं टेबल पहिल्यांदा करू नये म्हटलं त्याचं कारणही इथेच आहे. उभ्या पायाचं डोलणं त्याच्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. पाय 75 चे 104 सेंटीमीटर केले, तेवढ्याच जाडीचे ठेवले, की टेबल 2.7 पट डुलतं. त्याला खाली आडव्या पट्ट्या, तिरपे आधार द्यावे लागतात. चौरंगाचे पाय आखूड आणि रुंद, म्हणून तो निवांत.

आता त्यापुढे उभे राहा. लाकडाचं काम संपलं, पण खरं आश्चर्य इथून पुढे आहे.

खुर्चीतून उठल्यावर काही सेकंदांतच अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त छातीकडून खाली पोटात आणि पायांत उतरतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब पडू लागतो. मानेतल्या मोठ्या धमनीच्या फाट्याशी आणि हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं असतात. भिंत कमी ताणली गेली हे त्यांना तत्काळ कळतं. हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-पंधरांनी वाढतात, पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि आपण चहाचा कप हातात घेऊन बोलतच असतो. रोज कितीतरी वेळा हे घडतं. ते घडलं नाही तरच आपल्याला कळतं, कारण मग डोळ्यांपुढे अंधारी येते.

पायात उतरलेलं रक्त वर कसं येतं, हा पुढचा प्रश्न. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा स्तंभ उभा असतो. त्याच्या वजनाने घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या घरात जातो. स्तब्ध उभं राहिलं तर तो तिथेच राहतो. चालायला लागलं, की पंचवीस-तीसपर्यंत खाली येतो! काम करते ती पोटरी. पोटरीचे स्नायू आखडले की त्यांच्यामधल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू सैल पडले तरी ते परत खाली येत नाही, कारण शिरांमध्ये झडपा आहेत. पादुआच्या फाब्रिचियस यांनी 1603 साली या झडपांवर पुस्तक लिहिलं, चित्रं काढली. पण रक्त पायांत साचून राहू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात, असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या विल्यम हार्वे यांनी 1628 च्या ग्रंथात त्याच झडपांचा खरा अर्थ लावला. रक्त हृदयाकडेच जावं, मागे फिरू नये, यासाठी त्या आहेत.

हार्वेंचा प्रयोग कुणालाही करता येतो. हात खाली सोडा, दंडावर रुमाल जरा घट्ट बांधा, म्हणजे कोपराखालच्या शिरा फुगतील. फुगलेल्या शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने शीर पुसत न्या आणि एखाद्या गाठीसारख्या फुगवट्याच्या पुढे गेल्यावर ते बोट उचला. वरचं रक्त त्या फुगवट्यापर्यंत येऊन थांबतं, मधला तुकडा रिकामाच राहतो. तो फुगवटा म्हणजे झडप. आता खालचं बोट उचला, की शीर खालून झर्रकन भरते. एवढ्या साध्या प्रयोगाने चौदाशे वर्षांचं शरीरशास्त्र उलटलं. झाल्यावर रुमाल लगेच सोडायला विसरू नका.

पोटरीचं आणखी एक काम आहे, त्याचा आपल्याला पत्ताही नसतो. पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. जवळ धरायला टेबल असू द्या. थोड्याच वेळात जाणवेल, की आपण स्थिर नाही. घोट्यांवर शरीर पुढेमागे डुलतंय, पायाची बोटं फरशी पकडतायत, टाचेवरचा भार सरकतोय. डोळे उघडले की हे कमी होतं, थांबत मात्र नाही. आपला गुरुत्वमध्य घोट्याच्या सांध्याच्या काही सेंटीमीटर पुढे असतो, म्हणजे शरीर सदैव तोंडावर पडायच्या बेतात असतं. पोटरी त्याला मागे ओढून धरते. हे काम रबरासारखं आपोआप होत असेल, शरीर पुढे झुकलं की स्नायू ताणला जाऊन त्याला मागे खेचत असेल, असा समज बराच काळ होता. बर्मिंगहॅमच्या इयन लोरम आणि मार्टिन लेकी यांनी अल्ट्रासाउंडने उभ्या माणसाची पोटरी पाहिली, तेव्हा उलटंच दिसलं. शरीर पुढे झुकतं तेव्हा स्नायू आखडतो. ताणली जाते ती टाचेमागची कंडरा. स्नायू मिलिमीटरच्या लहान अंशाएवढ्या हालचाली सतत करत राहतो, शरीर किती कलणार याचा जणू आधीच अंदाज घेऊन. आपण त्याला नुसतं उभं राहणं म्हणतो.

आणि एवढं सगळं चालू असताना खर्च मात्र नगण्य. उभं राहिल्यावर शरीराची भाररेषा गुडघ्याच्या किंचित पुढून जाते, त्यामुळे गुडघा जवळजवळ फुकटात कुलूपबंद होतो. कमरेच्या सांध्यापुढे शरीरातलं सगळ्यांत बळकट अस्थिबंधन आहे, ते धड मागे पडू देत नाही. वजन उतरवायला उभं राहून काम करणाऱ्यांची इथेच निराशा होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2018 साली सेहेचाळीस अभ्यास एकत्र तपासले. बसण्याऐवजी उभं राहिल्याने मिनिटाला सरासरी 0.15 कॅलरी जास्त लागतात. सहा तासांच्या झाल्या 54, एका पोळीपुरत्याही नाहीत. या काटकसरीत रोहित पक्षी आपल्याही पुढे आहेत. भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत ते तासन्‌तास एका पायावर दिसतात. अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवलं, की मेलेल्या रोहिताचं शरीरही एका पायावर नीट तोललं जातं. त्या ठेवणीला स्नायूंचा जोर लागतच नाही. दोन पायांवर मात्र ते तसं उभं राहत नाही.

पाठीच्या कण्याचं काय? स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. बसल्यावर तो उभं असतानापेक्षा बराच जास्त भरला. बसणं पाठीला वाईट, हे वाक्य तिथून जगभर गेलं आणि अजून फिरतंय. पण 1999 साली जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत दाब मोजणारं छोटं उपकरण बसवलं आणि दिवसरात्र नोंद घेतली. तो चालला, शिंकला, झोपला, हसला, वजन उचललं. उभं असताना दाब 0.50 मेगापास्कल, पाठ न टेकता सैल बसल्यावर 0.46. म्हणजे जवळपास सारखाच! आडवं पडल्यावर 0.1 आणि पाठीत वाकून वीस किलो उचलताना 2.3. एका माणसाच्या नोंदीवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही, पण बसणं आणि उभं राहणं यांतलं एक चांगलं आणि एक वाईट असा सरळ निवाडा त्यानंतर करता येत नाही हे नक्की.

हे विक्रेते सांगत नाहीत म्हणून मी जोर देऊन लिहितो. दिवसभर उभं राहणं हा बसण्यावरचा उपाय नाही. बेर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात बसून काम करणारे शिंपी आणि लेखनिक आहेत, तसे उभ्याने काम करणारेही आहेत, पायांवरच्या फुगलेल्या शिरा आणि जखमांसकट. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सात हजारांवर कामकऱ्यांचा बारा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा प्रामुख्याने उभ्याने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. त्यामागचं एक संभाव्य कारण वर आलंच आहे. पाय हलले नाहीत तर पोटरी पिळली जात नाही, दाब नव्वदवर अडकतो, शिरा फुगतात आणि रक्तातलं पाणी हळूहळू ऊतींमध्ये झिरपतं. मोजे काढल्यावर घोट्यावर रबराचा खोल वळ दिसतो, तो त्याचाच.

हे आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 44 ने सांगितलं होतं, की ज्यांना उभ्याने काम करणं भाग आहे त्या कामगारांसाठी बसायची सोय हवी, म्हणजे कामात खंड पडेल तेव्हा त्यांना टेकता येईल. दुकानांत मात्र हा हक्क लढून मिळवावा लागला. केरळातल्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दहा-दहा तास टेकूही दिलं जात नव्हतं. त्यांच्या चळवळीनंतर 2018 साली केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. 2021 मध्ये तमिळनाडूने तो मार्ग धरला. आपण हौसेने उभ्याचं टेबल करतो तेव्हा आपल्याला वाटेल त्या क्षणी बसता येतं, आणि सगळा फायदा त्या बसता येण्यात आहे. ओट्यापुढे दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या आईसाठी स्वयंपाकघरात एक उंच स्टूल ठेवायला हवं, हे मला या टेबलाच्या नादातच सुचलं.

तेव्हा वापरायचं कसं? कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठात, कधी कंबर न दुखलेल्या माणसांना दोन तास उभं राहून हलकी कामं करायला लावली. त्यांतल्या दहांपैकी चौघांच्या आसपास लोकांची कंबर दुखू लागली. पुढे असंही दिसलं, की ज्यांची दुखली ते पहिल्या पंधरा मिनिटांत फारसे हललेच नव्हते. ज्यांची दुखली नाही ते सुरुवातीपासून चुळबुळत होते, वजन या पायावरून त्या पायावर घेत होते. शाळेत ज्या चुळबुळीबद्दल आपण ओरडा खाल्ला तीच पाठ राखते! म्हणून कंटाळा येईपर्यंत थांबू नये. वीस-तीस मिनिटं उभं राहावं, मग बसावं, मध्ये पाणी आणायला जावं. फोनवर बोलणं, वाचणं, मेल निपटणं उभ्याने छान होतं. बारीक हातकाम, आकडेमोड, चित्र काढणं यांना बसलेलं बरं.

फरशीवर अनवाणी उभं राहिलं की टाचा लवकर बोलू लागतात. सतरंजीची घडी किंवा जाडसर योगा मॅट घालावी. मऊ जमिनीवर तोल सांभाळायला पोटरीला जास्त हलावं लागतं, तेही फायद्याचंच. हेमिंग्वे उभ्याने लिहीत. क्यूबातल्या त्यांच्या घरी टाइपरायटर छातीच्या उंचीवर असे आणि पायाखाली हरणाचं कातडं अंथरलेलं असे. आपल्याकडे पाट आहे. जेवणाचा जुना लाकडी पाट टेबलाखाली ठेवावा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवावा. पाय वर गेला की मांडीचा सांधा थोडा दुमडतो, कण्याला पुढे ओढणारा स्नायू ढिला पडतो आणि कमरेचा खळगा सपाट होतो. फरक लगेच कळतो. दोन इंचांचा पाट कमी वाटला तर खाली दुसरा ठेवावा.

घरात वापरणारे दोघं असतील, तर चौरंग उंच माणसाच्या मापाने करावा. बुटक्या माणसाने पायाखाली दोन्ही पाय मोकळे हलतील एवढी रुंद फळी घ्यावी. त्याच प्लायच्या उरलेल्या तुकड्यांतून ती निघते. एकट्यासाठी असेल तर सुरुवातीला हिशेबापेक्षा दोन सेंटीमीटर कमीच कापावा. उंची वाढवायला खाली 18 मिलिमीटरची पट्टी स्क्रूने लावता येते, पण कमी करायला सगळं पुन्हा खोलावं लागतं. पहिल्या आठवड्यात खांदे वर उचलले जात असतील तर चौरंग उंच झालाय, मनगटं वर वळत असतील तर तो बुटका आहे. त्याप्रमाणे पट्टी लावावी किंवा काढावी.